पीस लिलीची टोकं करपतात

प्रश्न : ताई, डिसेंबरात आणलेली पीस लिली मे उजाडेपर्यंत टोकांना करपली. रोज बोअरचं पाणी घालते, कूलरसमोर ठेवलीय. फूलही नाही. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : कूलरची ओल तिला हवी, झोत नको. त्याच खोलीत कोपऱ्यात सरकवा. पण माझा पहिला संशय पाण्यावर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का? तेच क्षार मातीत साचून पानांची टोकं जाळतात. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. आधी एकदा तेच पाणी भरपूर ओतून खालून निथळू द्या.

आणि रोज पाणी कशाला? जळगावात माझी पहिली लिली मी अशाच मायेनं कुजवली. बोट खुपसा, वरची माती कोरडी लागली तरच घाला. तहानली की मान टाकते, पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते.

फुलासाठी उजेड हवा, ऊन नको. पूर्वेची खिडकी, पातळ पडदा. ते पांढरं 'फूल' खरं तर पानच. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक.

घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पान चावलं की तोंडाची आग होते.