मुलासाठी गाळा घ्यावा का? १४ लाखांचा प्रश्न

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ६२, राहणार कराड. मुलगा ३१ वर्षांचा, बी.कॉम. झालेला. नऊ वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गेली दोन वर्षं गोळ्या नियमित आहेत, तब्येत स्थिर आहे, पण तो घरीच असतो. कॉलेजजवळ एक गाळा १२,००० रुपये भाड्याने मिळतोय. तिथे त्याला झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान टाकून द्यावं असं मनात आहे. ३ लाख अनामत, मशिन, फर्निचर, माल असा एकूण खर्च १४ लाख. निवृत्तीचे २२ लाख बँकेत ठेवीत आहेत. डॉक्टर म्हणतात, आधी पुण्यातल्या पुनर्वसन केंद्रात पाठवा, तिथे कामाची सवय लावतात आणि नोकरी शोधायला मदत करतात. फी आणि राहण्याजेवणाचे मिळून महिना १५,५०० होतील. पेन्शन हातात ४६,००० येते, घरखर्च आणि औषधं ३३,०००. हप्ते कसलेच नाहीत. आमच्या पश्चात त्याचं कसं होणार या काळजीने झोप लागत नाही. दुकान निदान त्याच्या हक्काचं तरी राहील. काय करावं?

उत्तर:

नमस्कार गुरुजी,

माझं मत आधीच सांगतो. गाळा आत्ता घेऊ नका, डॉक्टरांचं ऐका. तुमचा आकड्यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात दोन रकमा धरायच्या राहून गेल्यात आणि त्यांतली दुसरी तुमच्या १४ लाखांपेक्षा मोठी आहे.

पहिली रक्कम व्याजाची. हेच १४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला २८,७०० रुपये मिळतील, म्हणजे महिन्याला साधारण ९,५६५. गाळा घेतला की हे उत्पन्न बुडालं. भाडं १२,०००, लाईट बिल आणि मशिनची देखभाल मिळून कमीत कमी ४,००० धरा. म्हणजे कागद-मालाचा खर्च जाऊन दुकानातून महिन्याला साडेपंचवीस हजार रुपये सुटले, तर तुम्ही जिथे होता तिथेच राहिलात. मुलाच्या हातात पहिला रुपया त्यानंतर पडणार. झेरॉक्सच्या एका पानामागे कागद-टोनर जाऊन रुपया सुटतो असं धरलं, तर महिन्याचे २६ दिवस रोज जवळपास हजार पानं काढावी लागतील. कॉलेजला दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी असते, भाड्याला नसते.

आणि ही हजार पानं काढणार कोण, याचा विचार करा. या आजारावरच्या अनेक गोळ्यांनी सकाळी अंग जड राहतं, हे तुम्ही घरात पाहिलंच असेल. कॉलेजची गर्दी नेमकी सकाळी. जर्नल जमा करायच्या आठवड्यात काउंटरवर वीस पोरं एकदम ओरडत असतात, ‘काका, माझं आधी’. धडधाकट माणसाचाही तिथे तोल जातो. ज्याला आवाज, घाई आणि अनोळखी चेहरे यांचाच त्रास होतो, त्याला पहिल्याच पायरीला तिथे एकटं उभं करायचं? नोकरीत चार दिवस वाईट गेले तर रजा टाकता येते. दुकानात चार दिवस शटर खाली राहिलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि परत येत नाही. आजाराने पुन्हा उचल खाल्ली तर दवाखान्याचा खर्च आणि दुकानाचं भाडं दोन्ही एकाच महिन्यात येऊन पडतील. मग गल्ल्यावर तुम्ही बसाल, आज ६२व्या वर्षी आणि उद्या ७०व्या वर्षीही. दुकान मोडायची वेळ आली तर अनामत परत मिळेल, पण वापरलेली मशिन आणि कापून बसवलेलं फर्निचर यांना बाजारात फारसं कोणी विचारत नाही.

आता केंद्राचा खर्च पाहा. दीड वर्ष धरलं, तर १८ महिन्यांचे १५,५०० प्रमाणे २ लाख ७९ हजार रुपये. दुकानाच्या खर्चाचा हा पाचवा हिस्सा झाला. त्यातले १ लाख ७२ हजार वर सांगितलेल्या व्याजातूनच निघतात. उरलेले महिना सुमारे सहा हजार तुमच्या पेन्शनमधल्या शिलकीतून द्या, तरी सात हजार हातात राहतात. मुद्दलाला हात लागत नाही. सहा महिन्यांत वाटलं की जमत नाही, तर थांबता येतं. दुकानात ही सोय नाही.

पैशाची बाजू बाजूला ठेवली तरी मी हेच म्हटलं असतं, कारण खरी नोकरी शोधून तिथे टिकायला मदत करण्याच्या पद्धतीमागे अनुभव आणि अभ्यास दोन्ही आहेत. पूर्वी सगळीकडे रिवाज असा होता की आधी वर्षानुवर्षं शिकवायचं (मेणबत्त्या, पाकिटं, शिवण) आणि ‘तयार’ झाला की मग नोकरीचं बघायचं. तो दिवस बहुतेकांना उजाडायचाच नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला: ज्याला काम करायचंय त्याला लवकरात लवकर खऱ्या बाजारातलं खरं काम मिळवून द्या आणि तिथे टिकायला लागेल तितके दिवस मदतनीस सोबत द्या. पुढे युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली आणि २००७ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दीड वर्षात या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी खरी नोकरी केली, तर नेहमीच्या पुनर्वसन सेवेतल्यांपैकी २८ टक्क्यांनी. यात किमान एक दिवस काम केलेलेही मोजले आहेत, त्यामुळे हा आकडा कायम नोकरीचा समजू नका. तरी फरक दुपटीचा आहे.

आपल्याकडे या वाटेने जाणाऱ्या संस्था थोड्या आहेत, पण आहेत. चेन्नईतली ‘स्कार्फ’ (स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन) १९८४ पासून काम करते. पुण्यात, कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिचं धायरीला दिवसभराचं पुनर्वसन केंद्र आहे आणि आईवडिलांचे स्वमदत गटही भरतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचा ‘त्रिदल’ उपक्रम आहे. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं केंद्र कोणतंही असो, पैसे भरण्याआधी एकदा तिथे जाऊन दिवसभर बसा. गेल्या वर्षी किती जण बाहेर नोकरीला लागले, त्यांतले किती सहा महिन्यांनंतरही टिकून आहेत, नोकरी लागल्यावर केंद्राचा माणूस मालकाशी बोलायला जातो का, हे थेट विचारा. ‘आमच्याकडे सगळे आनंदात असतात’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र बघा. पूर्ण वर्षाची फी एकदम कुठेही भरू नका. तीन-तीन महिन्यांची भरा.

आता दुसरी रक्कम. तुमच्या झोपेचा प्रश्न इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी पेन्शन असलेल्या तुमच्यासारख्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. त्यातल्या नियम ११६ प्रमाणे तुमच्या पश्चात वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल हे तुम्हाला माहीत आहेच. पण मनाच्या किंवा शरीराच्या विकलांगतेमुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला वयाची अट न लावता, वहिनींच्याही पश्चात, ते हयातभर मिळू शकतं. रक्कम सर्वसाधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, वर महागाई वाढ. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून ती आजच महिना २५ हजारांच्या वर जावी. तेवढं व्याज मिळवायचं तर ८.२ टक्क्यांनी ३६ लाखांहून जास्त ठेव लागेल, आणि त्या व्याजाला महागाईची वाढही मिळत नाही. मुलासाठी तुम्ही मागे ठेवू शकता अशी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

हे आपोआप होत नाही. सर्वांत आधी मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. त्याचं मोजमाप ‘आयडियाज’ या मापनपट्टीने होतं, त्यात स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार बाजू पाहिल्या जातात. सातारच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, जुने सगळे केसपेपर बरोबर न्या. मग जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागाला लेखी अर्ज करून विचारा की मुलाची नोंद तुमच्या हयातीतच कशी करून घेता येईल आणि त्याच्या कमाईबद्दल नेमकी अट काय आहे. उत्तरही लेखी मागा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ही अट स्पष्ट केली: मुलाचं इतर उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेल तर त्याचा हक्क राहतो. तुमच्या बाबतीत राज्याचा नियम चालेल, म्हणून तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

इथे गाळा पुन्हा आडवा येतो. मुलाच्या नावावर शॉप अ‍ॅक्टची नोंद, उद्यम नोंदणी, चालू खातं आणि त्यावर रोजची उलाढाल असली, की कागदावर तो स्वतःच्या पायावर उभा राहिलेला व्यावसायिक दिसतो. प्रत्यक्षात दुकान तोट्यात असलं तरी! वीस वर्षांनी एखादा अधिकारी तेच कागद समोर ठेवून अर्ज नाकारू शकेल, आणि तेव्हा बाजू मांडायला तुम्ही नसाल.

याचा अर्थ पेन्शनसाठी त्याला घरी बसवून ठेवा, असा कृपा करून घेऊ नका. मला हे फार कळकळीने सांगायचंय, कारण हा विचार घराघरांत होताना मी पाहतो. एकतीस वर्षांच्या माणसाला सकाळी उठून कुठेतरी जायचं असणं, महिनाअखेरीला स्वतःच्या खात्यात स्वतःचा पगार येणं, चहाला सोबत असणं, यांची किंमत कुठल्याही पेन्शनमध्ये बसत नाही. सुरुवातीला अर्धवेळ आठ-दहा हजारांची नोकरी लागली तर लागू द्या, लपवू नका, नियमाचं लेखी उत्तर हाताशी ठेवा. आणि देवदयेने तो खरोखरच चांगला कमवू लागला, तर पेन्शन गेली तरी चालेल. त्या दिवशी तुमची काळजीच मिटलेली असेल.

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात मानसिक आजारही येतो. बी.कॉम. आहे, तर लिपिक-लेखा पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, मात्र त्यावर विसंबून राहू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. २२ लाखांपैकी १४ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत घाला. बँकेतली ठेव मुदतीआधी मोडल्यास किती दंड आहे ते बघून, मुदत संपेल तशी वळवा. या योजनेचं वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर जाणार, म्हणून कर कापला जाऊ नये यासाठीची स्वघोषणा दर वर्षी पोस्टात द्या. ३ लाख फक्त आजारपणासाठी, कधीही काढता येतील असे बँकेत. उरलेल्या ५ लाखांबद्दल घाई नाही. विकलांग अपत्याबद्दलची प्राप्तिकरातली वजावट (जुनं कलम ८०डीडी) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमचं उत्पन्न नव्या प्रणालीच्या १२ लाखांच्या मर्यादेत बसतं, कर मुळात लागतच नाही, तेव्हा त्यामागे धावू नका. आरोग्य विमा असेल तर बंद करू नका: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं बंधन २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर घातलंय. बाह्यरुग्ण तपासण्या आणि रोजच्या गोळ्या मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत.

‘निरामय’ विमा आणि कायदेशीर पालकत्व देणारा नॅशनल ट्रस्ट कायदा केवळ स्किझोफ्रेनिया आहे एवढ्यावर लागू होत नाही, त्यामुळे कोणी एजंट ते करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. तुम्ही दोघांनी मृत्युपत्र करा. मुलाचा हिस्सा त्याच्या हातात एकरकमी न देता विश्वस्तांमार्फत दरमहा मिळेल अशी तरतूद वकिलाकडून लिहून घ्या. विश्वस्त दोन नेमा, त्यांतला एक वयाने तरुण असू द्या. उपचारांच्या निर्णयांसाठी मुलगा स्वतः नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकतो, तो कागदही आत्ता, तब्येत स्थिर असतानाच करून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला कुठेच सापडली नाही: मुलाला स्वतःला काय हवंय. तुमचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, त्याचं नाही. वर सांगितलेल्या पद्धतीत पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि काम त्याच्या आवडीप्रमाणे शोधतात, कारण लादलेलं काम टिकत नाही. त्याला हिशेब करायला आवडतो की गोदामातलं शांत काम, माणसं हवीत की नकोत, पुण्याला राहायची तयारी आहे की कराडातच सकाळचं काही हवंय, हे विचारा. हे आकडेही त्याला दाखवा. तो कॉमर्सचा पदवीधर आहे, व्याज आणि भाड्याचा हा हिशेब त्याला तुमच्या-माझ्याइतकाच कळेल.

वर्ष-दीड वर्ष बाहेर काम केल्यावर त्यानेच म्हटलं की मला दुकान टाकायचंय, तर माझा विरोध नसेल. पण तेव्हाही सुरुवात तीन लाखांच्या आत करा, एक जुनं मशिन, छोटी जागा, सकाळच्या गर्दीला पगारी मुलगा आणि शॉप अ‍ॅक्टची नोंद वहिनींच्या नावावर. तोवर गाळेवाल्याला अनामतीचा टोकनही देऊ नका.