होका, हुक्का आणि हातगोळा

प्रश्न असा आलाय की आज्ञापत्रात (रामचंद्रपंत अमात्यांचा मराठी राज्यकारभारावरचा ग्रंथ) किल्ल्याच्या दारूखान्याबद्दल, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराबद्दल लिहिताना दारू, बाण (धनुष्याचे नव्हे, दारू भरलेले अग्निबाण) आणि होके अशी तिन्ही नावं एका दमात येतात, तर हे होके म्हणजे नक्की काय? दारूखान्यात हुक्के कशाला ठेवायचे, गडकरी ड्युटीवर गुडगुडी ओढत बसायचे की काय?

आधी दारूचं क्लिअर करतो, ती तोफेची दारू, प्यायची नव्हे. फारसीत दारू म्हणजे औषध, त्यावरून आपल्याकडे ती बंदुकीची झाली आणि बाटलीतलीही झाली. (चिनी लोकही बंदुकीच्या दारूला 'आगीचं औषध' म्हणतात, ते एक वेगळंच प्रकरण आहे.) आता होके. होके म्हणजे हातगोळे. मातीच्या नाहीतर धातूच्या भांड्यात दारू ठासायची, वात लावायची, पेटवून तटावरून खाली फेकायचं. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेची जी फारसी वर्णनं आहेत त्यातही मराठ्यांच्या किल्ल्यांवरून बाण, हुक्के आणि दगडधोंडे खाली येतात, आणि फारसीत याचं पूर्ण नाव हुक्का-ए-आतिश, आतिश म्हणजे आग. त्यामुळे तुम्हाला गुडगुडी आठवली यात काही चूक नाही, शब्द तोच आहे.

मूळ शब्द अरबी, आपल्याकडे आला फारसीतून, आणि अर्थ एकदम साधा, डबी. दागिने, अत्तर, औषध असलं काहीतरी ठेवायची छोटी गोलसर डबी. बस एवढंच. त्यात स्फोट पण नाही आणि धूर पण नाही, आत जे भराल त्याप्रमाणे पुढचा अर्थ ठरतो. डबीत दारू भरली की हातगोळा. पाणी भरून वर चिलीम बसवली की ओढायचा हुक्का, आणि हा अर्थ तर त्यामानाने बराच नवा, कारण तंबाखूच मुळात पोर्तुगीजांबरोबर आली, अकबराच्या दरबारात ती पोचली १६०४ च्या सुमारास आणि ती सुद्धा विजापूरहून, असद बेग नावाच्या त्याच्या माणसाने नेली.

आणि मला सगळ्यात आवडतो तो तिसरा होका, जो आपण सगळेच शाळेत शिकलोय आणि कोणी त्याच्याकडे बघतही नाही. होकायंत्र! त्यातला होका हाच. अरबी दर्यावर्दी लोक चुंबकाची सुई ज्या डबीत ठेवायचे तिला हुक्का म्हणायचे, मग डबीचं नाव अख्ख्या यंत्राला पडलं आणि आपण त्याला मागून संस्कृत 'यंत्र' जोडून दिलं. युरोपातही सेम स्टोरी आहे, होकायंत्राला इटालियनमधे बुसोला आणि फ्रेंचमधे बुसोल म्हणतात, दोन्हीचा अर्थ मुळात छोटी पेटी. तेव्हा कोणी म्हणालं की होका हा अस्सल देशी शब्द असून 'हाका मारून दिशा सांगतो म्हणून होका', तर सोडून द्या, असल्या व्युत्पत्त्या चहाबरोबर ठीक असतात.

आता ग्रेनेड. तो फ्रेंचमधून आलाय आणि त्याचा अर्थ डाळिंब. गोल, वर देठाचा तुरा आणि आत ठासून भरलेले दाणे, बघितल्या बघितल्या पटतं. हिब्रूत हातगोळ्याला रिमोन म्हणतात, म्हणजे परत डाळिंबच. फारसीवाल्यांनी हुक्का सोडला आणि आज ते म्हणतात नारंजक, म्हणजे छोटं नारिंग. हिंदीतला दिवाळीचा अनार पण आठवा, आपण त्याला भुईनळा म्हणून मोकळे झालो. एकूण काय तर जुन्या लोकांनी नाव देताना धमाक्यापेक्षा वरच्या कवचाकडेच बघितलेलं दिसतं. आवाजावरून नाव पडलेला म्हणजे बाँब, तो थेट ग्रीक 'बोंबोस'पर्यंत जातो, आणि आपल्याकडे तो छापील मराठीत गाजला १९०८ मधे, मुझफ्फरपूरच्या बाँबफेकीनंतर केसरीतल्या अग्रलेखांमुळे. तिथे तो बाँबगोळा आहे, म्हणजे जुन्या गोळ्याची शेपटी लावूनच आला.

यात एक घोळ मात्र टाळा, कुलपी गोळा आणि होका एक नव्हेत. कुलपी गोळा पण आतून पोकळ आणि दारूने भरलेला, पण तो हाताने फेकायचा नाही, तोफेतून उडवायचा. १८१८ साली इंग्रजांनी रायगडावर जे गोळे टाकून वाडे जाळले ते या जातीचे. कुलपी म्हणजे कुलूपबंद, आणि हो, साच्यात बंद करून गोठवतात ती कुलफी पण त्याच घरातली आहे.

दुसरा घोळ गारदी या शब्दाचा. त्याचा संबंध बरेच जण ग्रेनेडियरशी लावतात कारण ऐकायला जवळचं वाटतं, पण तो गार्डवरून आलेला आहे, कवायती पायदळातला शिपाई. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी असो की १७७३ ला नारायणरावाला मारणारे असोत, त्यांचा हातगोळ्यांशी काही संबंध नाही. ग्रेनेडियर वेगळे. युरोपात उंच धिप्पाड माणसं निवडून त्यांना गोळे फेकायला ठेवायचे, पुढे गोळे बंद झाले पण नाव मानाचं म्हणून राहिलं. आपल्या लष्करातली ग्रेनेडियर्स रेजिमेंट तिची सुरुवात १७७९ पासून धरते, तोपर्यंत नाव उरलं होतं फक्त.

होका मग गेला कुठे, तर किल्ल्यांच्या लढाया संपल्या तसा तोही संपला. तटाखाली कोणी चढतच नसेल तर वरून टाकणार कोणावर? पुढे हातगोळा परत युद्धात आला तेव्हा हुक्का म्हटलं की लोकांना धूरच आठवत होता, मग सरळ हात अधिक गोळा असा जोडशब्द चालला.

तुम्ही शिवकाळावर काही लिहीत असाल तर माझं मत, होकेच लिहा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे वात पेटवून फेकताना दाखवा म्हणजे वाचणारा अडकत नाही. आणि आज्ञापत्रातलाच एक मस्त डिटेल वापरता येईल, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण, होके बाहेर काढून उन्हं द्यायची आणि परत शिक्का मारून ठेवायचे, कारण सह्याद्रीतल्या दमट हवेत ओली झालेली दारू काय पेटणार.