सेकंड हँड लक्झरी सेडान घेताय? आधी गिअरबॉक्स बघा

भाऊ, गाडी मनात भरलीय हे कळतंय पण टोकन द्यायची घाई करू नका. सर्व्हिस हिस्टरीत नुसतं इंजिन ऑइल नाही तर गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते बघा, कारण बऱ्याच छोट्या लक्झरी सेडानमध्ये ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असतो आणि वेट क्लचवाल्यात, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो त्यात, साधारण ६०,००० किमीला ते बदलावं लागतं, आधीच्याने टाळलं असेल तर खर्च तुमच्या गळ्यात. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघा. मग ट्रॅफिकमध्ये हळू चालवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके बसले तर सरळ सोडून द्या, मालक कितीही नॉर्मल आहे म्हणू दे. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतील तर स्टेपनी बहुतेक नसतेच. आणि स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड बघितल्याशिवाय होकार देऊ नका.