नागपुरात घरगुती डबा सुरू केलाय, पण ग्राहक टिकत नाहीत. योग्य ग्राहक कुठे शोधू?

आधी 'सगळ्यांसाठी डबा' हे डोक्यातून काढा. मीही सुरुवातीला तेच केलं. अख्ख्या प्रतापनगरात पत्रकं वाटली. फोन भरपूर आले, पण जो तो भाव विचारून ठेवून द्यायचा.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. सलग तीन महिने डबा घेणाऱ्यांची नावं काढली. सात निघाली, त्यातली पाच गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी, बाहेरगावाहून आलेली मुलं. प्रत्येकाला विचारलं, "माझाच डबा का घेता?" मला वाटलं होतं, चव म्हणतील. उत्तर आलं, "काकू, तिखट कमी असतं आणि एकला हातात पडतो." माझं गिऱ्हाईक मला तिथे सापडलं.

तुम्हीही हेच करा. टिकलेले ग्राहक मोजा आणि त्यांच्याच शब्दांत जाहिरात लिहा. मी व्हॉट्सॲप स्टेटसला रोज सकाळी नऊला त्या दिवसाच्या डब्याचा फोटो टाकते. वरण, पोळ्या, भाजी, जे असेल ते, सजावट न करता. गूगल मॅपवर नोंद फुकट होते, तीही करून टाका.

मेडिकल चौकाजवळ राहत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे गडचिरोली, चंद्रपूरकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना महिन्याचा नाही, एका वेळेचा साधा डबा लागतो.

सवलत मात्र देऊ नका. सवलतीला आलेलं माणूस दुसरीकडच्या सवलतीला जातं.