कोरीडोरासची (टाकीच्या तळाशी राहणारा छोटा मासा) अंडी फुटतात, पिल्लं दिसतात, पण आठवड्याभरात सगळी मरतात. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. ‘उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिवसातून दोनदा घालतो.’ चुकतंय ते हेच. हीटर कोणता, फिल्टर कोणता, हे नंतर बघू.

मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त झालो. ब्रॉन्झ कोरी ही जात पाळतोय त्याला बरीच वर्षं झाली. (2024 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला कोरीडोरासमधून काढून ऑस्टिओगास्टर नावाच्या गटात टाकलंय. दुकानात जाऊन हे नाव सांगू नका, गोल्डफिश देतील.) सुरुवातीला मीही बाकीच्यांसारखीच ‘टाकीची घाण खाते’ म्हणून आणली होती. कोरी घाण खात नाही. वरून काही पडलं नाही तर ती उपाशी राहते आणि लोक म्हणतात, बघा कशी वाळू हुंगत साफसफाई करतेय.

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. चार तारीख, रविवार. गोदेला पूर आलेला. पुराची खूण मानला जाणारा नदीतला दुतोंड्या मारुती बुडत चाललाय म्हणून अर्धं नाशिक होळकर पुलाकडे निघालेलं, आमची सौ. पण छत्री घेऊन तयार. मी टाकीसमोर स्टूल टाकून बसलेलो. आदल्या रात्री एक तृतीयांश पाणी काढून गच्चीवरच्या बादलीत साठलेलं गार पाणी भरलं होतं. बाहेर पाऊस, हवेचा दाब उतरलेला, टाकीत अचानक गारवा. दक्षिण अमेरिकेतल्या नदीचा पावसाळा सुरू झाला असं त्या माशांना वाटायला एवढं पुरतं. दोन नर एका मादीमागे काचेला घासत धावत होते. मग मादीने एका नराच्या पोटाशी तोंड लावलं, तो आडवा, ती उभी, दोघं क्षणभर जागच्या जागी थरथरले. सुटून निघाली तेव्हा तिच्या पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जुळलेले होते आणि त्या ओंजळीत तीन अंडी. ती घेऊन वर गेली, काचेचा एक कोपरा तोंडाने चाचपला, नको म्हणाली, दुसरा चाचपला, तिथे चिकटवली. हे दुपारपर्यंत चाललं. पूर मी नंतर मोबाइलवर पाहिला.

अंडी मोहरीएवढी. घातल्या घातल्या मऊ असतात, हात लावू नका. तास-दोन तासांनी कडक झाली की साबण न लागलेल्या बोटाने हलकेच लोळवून सोडवता येतात. शंभराच्या वर निघाली. पसरट टबात त्याच टाकीचं पाणी, एअर पंपाची नळी, फिकट आकाशी दिसेल इतकाच मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) आणि कॉलनीतल्या देशी बदामाचं एक वाळकं पान. दुसऱ्या दिवसापासून पांढरी पडून लोकर धरलेली अंडी ड्रॉपरने उचलायची, नाहीतर ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्याला धरते. चांगलं अंडं उलट तपकिरी होत जातं. गुरुवारी पिल्लं फुटली. फोटो काढून, स्क्रीनवर बोट ठेवत मोजली. चौऱ्याहत्तर.

पहिले दोन-तीन दिवस त्यांना काही घालायचं नसतं, पोटाशी पिशवी असते तीच पुरते. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. बाटली कापून उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम जाडं मीठ, आर्टेमियाची चिमूटभर अंडी, जोरात हवा. 26 ते 28 अंशांना दीड दिवसाच्या आत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात, जिवंत केशरी ठिपके खाली उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच ओढून, फडक्यात गोड्या पाण्याने धुऊन सिरिंजने द्यायचे. बस.

मग आला 15 ऑगस्ट, त्या वर्षी राखीही त्याच दिवशी. मी बहिणीकडे धुळ्याला निघालो. सौ.ला सांगून गेलो, सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन थेंब. पण तिच्याकडे राखी बांधून घ्यायला आमचा मेव्हणा आला. त्याची सिन्नरकडे पोल्ट्री आहे, आणि त्याला जगातल्या कुठल्याही दुखण्यावर अंडंच दिसतं. त्याने टबात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, दाजी उपाशी मारतायत की काय पोरांना. अंडं उकडलं, बलक तलम फडक्यात धरून पाण्यात पिळला. पिल्लं त्यात तोंड खुपसताना पाहून खूश झाला, रात्री पुन्हा पिळला.

मी शुक्रवारी रात्री परतलो. दार उघडल्या उघडल्या वास आला. टबातलं पाणी ताकासारखं झालेलं. कोरीची पिल्लं तळाला चिकटून राहतात आणि बलक नेमका तळालाच जाऊन बसतो. तो कुजला की जंतू माजतात, पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, वर अमोनिया वाढतो. तळाशी राहणाऱ्याची सुटका नाही. नऊ उरली होती.

मेव्हणा आजही म्हणतो, तुमचं पाणीच गार होतं, म्हणून गेली. कोंबडीच्या पिल्लांना ब्रूडर, म्हणजे ऊब देणारी पेटी, लागतो, माशांना का नाही? त्या रात्री मी थर्मामीटर बुडवून पाहिला होता, 25 अंश. ब्रॉन्झ कोरीला उत्तम. इथे येऊन लिहिण्याचं निम्मं कारण हेच आहे की हा आकडा कुठेतरी नोंदलेला असावा.

आता खरं तेही सांगतो. आदल्या, म्हणजे राखीच्या रात्री आमच्याकडे दोनेक तास वीज नव्हती, म्हणजे एअर पंपही बंद. हे सौ.ने मला दोन महिन्यांनी सांगितलं. आणि दहा लिटरच्या टबात चौऱ्याहत्तर पिल्लं ठेवणं हा माझाच हावरटपणा. शिवाय ज्यांच्या हाताला अंदाज आहे, जे सुईच्या टोकाएवढा बलक घालून तासाभरात तळ उपसतात, त्यांची पिल्लं बलकावरही वाढतात. तुम्ही आणि माझा मेव्हणा त्यांतले नाही.

तुमचं उरलेलं. रोज निम्मं पाणी बदला, तळ एअर पंपाच्या नळीने ओढा, टोकाला फडकं बांधा म्हणजे पिल्लू जाणार नाही. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलेलं किंवा क्लोरीन काढून टाकलेलं, आणि टबाच्याच तापमानाचं. गारेगार पाण्याची युक्ती मोठ्यांसाठी, पिल्लांवर करू नका. फिल्टर स्पंजचाच, तोही जुन्या टाकीत मुरलेला. हीटर आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत लागतो, तेव्हा निफाडचा पारा काय करतो ते माहीतच आहे. उलट मे महिन्याला जास्त घाबरा. पिल्लं फार झाली तर दुकानदार घेतो, पैशाऐवजी खाद्य देतो, तेही चालतं. गोदावरीत मात्र सोडू नका, ‘जीव वाचवला’ म्हणूनही नको.

त्या नऊपैकी तीन माद्या निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांनीही काचेवर अंडी लावली. फोटो मेव्हण्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि दिवाळीला येताना अंड्यांचे दोन ट्रे घेऊन आला.