कल्पित भाषेचे शब्द: आधी खाडी, मग यादी

तुम्ही खाडीकाठच्या कल्पित मासेमारांसाठी भाषा रचत आहात, इंग्रजीतल्या नेहमीच्या शब्दांची यादी समोर ठेवून सहाशे शब्दही तयार केले आहेत, आणि तरीही ती भाषा त्या लोकांची वाटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते दोष ध्वनींचा नसून यादीचा आहे. एका इंग्रजी शब्दासमोर एक नवा शब्द मांडत गेलात, की उच्चार तेवढे बदलतात. अर्थांची वाटणी मात्र इंग्रजीचीच राहते.

ही वाटणी प्रत्येक समाज आपापल्या जगण्यातून करतो. मराठीत उष्टे वेगळे आणि खरकटे वेगळे. ‘आपण जाऊ’ म्हटले की ऐकणारा सोबत येतो, ‘आम्ही जाऊ’ म्हटले की तो मागे राहतो. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग, कारण समुद्रावरची कामे त्यावर ठरतात. तुमच्या लोकांकडे भरतीसाठी एकच शब्द असेल, तर ते खाडीवर राहतात हे वाचणाऱ्याला पटणार नाही.

समजा, पाणी ओसरण्याचा धातू ‘सुल’ आहे. त्यापासून ‘सुलन’ म्हणजे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, आणि ‘सुलती’ म्हणजे त्या चिखलात तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) वेचणारी बाई. पुढे ‘सुलन’ हाच शब्द उघडकीस आलेल्या गोष्टीसाठी, मग साक्षीसाठी वापरला जाईल, आणि खोटे बोलण्याला हे लोक ‘पाणी चढवणे’ म्हणतील. एका धातूतून कामधंदा, न्याय आणि नीती अशी भाषा वाढत गेली, की शब्द एकमेकांना धरून राहतात. डेव्हिड पीटरसन यांनी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतल्या घोडेस्वार टोळ्यांसाठी रचलेल्या दोथ्राकी भाषेत कुशल विचारतानाचा शब्दशः अर्थ ‘तू नीट स्वारी करतोस ना’ असा होतो. घोड्यावर जगणाऱ्यांचे सारे जग त्या एका प्रश्नात येते.

शब्दांना वयही द्या. संस्कृत ‘कर्म’चे प्राकृतात ‘कम्म’ आणि मराठीत ‘काम’ झाले, ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’. शिवाय ‘कर्म’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसाही घेतला गेला आणि आज दोन्ही वेगळ्या अर्थांनी नांदतात. तुमच्याकडे ‘सुलन’ पूर्वी ‘सुलकन’ होते आणि मधला ‘क’ गळाला असे ठरवलेत, तर समुद्रपूजेच्या मंत्रात जुने रूप टिकू द्या. ध्वनिबदलाचे दोन-तीन नियम पुरतात, पण ते साऱ्या जुन्या शब्दांना लावावेत.

उसने शब्दही हवेतच. बटाटा, चावी आणि पगार पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आणि घराघरांत रुळले. तुमच्या खाडीत कोण व्यापारी आले, त्यांनी काय आणले, हे ठरले की त्या वस्तूंची नावे त्यांच्याच भाषेतून घ्यावीत.

सहाशे शब्द फेकू नका, तूर्त बाजूला ठेवा. एका सुलतीचा पहाटेच्या ओहोटीपासून दुपारच्या भरतीपर्यंतचा वेळ मराठीत लिहून काढा: टोपली कशाची आहे, पाय रुतला तर ती काय ओरडते, घरी परतताना कोणाला वाटा देते. त्यात अडेल तिथेच नवा शब्द घडवा, आणि तो मजकूर इथे दाखवा. मी आनंदाने वाचेन.