ओढ्यात घोंगडं अंथरलं तर सोनं जमेल का?

प्रश्न: ताई, नोकरीमुळे दोन वर्षं जमशेदपूरला आहे. तमाडच्या बाजूला नदीच्या पात्रात बायका लाकडी परातीत वाळू धुताना पाहिल्या. दिवसभर वाकून हाती येतात ते मोजके कण. त्याऐवजी प्रवाहात चटई किंवा घोंगडं अंथरून ठेवलं आणि आठवड्याने उचललं, तर सोनं आपोआप जमणार नाही का? ग्रीक गोष्टीतलं सोनेरी लोकरीचं कातडं म्हणजे हेच, असं ऐकलं. आमच्या साताऱ्याच्या शेताला लागून बारमाही ओढा आहे. तिथे करून पाहू का?
— एक वाचक, जमशेदपूर

उत्तर: साताऱ्याच्या ओढ्याचं आधी सांगते, तिथे घोंगडं भिजवू नका. तो ओढा वाहतो तो काळ्या कातळावरून, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावरून. नदीतलं सोनं येतं ते त्याहून फार जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमधून. असे खडक आपल्याकडे विदर्भात, भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यात आहेत आणि तुम्ही राहता त्या सिंहभूमकडे आहेत. डोंगरातच नसेल तर ओढा आणणार कुठून?

कातड्याची गोष्ट मात्र निराधार नाही. जॉर्जियात, कॉकेशसच्या उतारावर स्वानेती नावाचा मुलूख आहे. तिथले लोक डोंगरी झऱ्यांतून वाहत येणारं सोनं भोकं पाडलेल्या लाकडी पन्हळींनी आणि केसाळ कातड्यांनी पकडतात, असं स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आणि सोनेरी लोकरीची कथा त्यातूनच आली असावी असंही म्हटलं. ही रीत तिथे अगदी अलीकडेपर्यंत टिकली. मेंढीचं कातडं फळीवर ठोकायचं, लोकर वर ठेवून प्रवाहाच्या तळाशी बसवायचं, मग वाळवून झटकायचं.

तुमचा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. 1983 साली सिंहभूममध्ये ओढ्यांच्या गाळाचे नमुने गोळा करायच्या कामावर होते. डिसेंबरात तंबूजवळच्या ओढ्यात घोंगडं पसरलं, चार कोपऱ्यांवर गोटे ठेवले आणि आठ दिवसांनी उचललं. दोघांना मिळून उचलावं लागलं, इतकी वाळू त्यात बसली होती. सगळी धुतल्यावर परातीत काळ्या वाळूची एक रेघ राहिली. सोन्याचा एकही कण नव्हता.

दोन चुका होत्या. पहिली वेळेची. सोनं पाण्याच्या 19 पट जड, साधी वाळू 2.65 पट. पाण्यात दोघांचंही वजन हलकं होतं, पण उरलेल्या वजनात तब्बल 11 पटींचा फरक पडतो. हिवाळ्याच्या संथ पाण्यात सोनं जागचं हलतच नाही. ते हलतं पुरात, सगळा तळ ढवळून निघतो तेव्हा. आणि त्या पुरात तुमचं घोंगडं टिकत नाही. वाहून तरी जातं, नाहीतर हातभर गोट्यांखाली गाडलं जातं.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. मला वाटत होतं, घोंगड्याचं काम सोनं धरून ठेवणं. ते तर कुठलाही खड्डा करतो. खरं अवघड काम आहे वाळूला पुढे जाऊ देणं. लोकरीच्या केसांमधल्या फटी तासाभरात वाळूने बुजल्या की घोंगडं उरत नाही, तो नदीचा तळच होतो, आणि मागून येणारं सोनं त्यावरून सरकून जातं. 1848 नंतर कॅलिफोर्नियात जे हजारो लोक नदीकाठी जमले, त्यांच्या लांब लाकडी पेट्यांच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत. पट्टीवरून पाणी उतरलं की तिच्या मागे एक छोटा आडवा भोवरा फिरत राहतो. तो हलकी वाळू उचलून पुढे फेकतो आणि जड कण खाली राहू देतो. त्यासाठी पेटीला फुटामागे साधारण इंचभर उतार लागतो. उतार कमी पडला की पट्ट्या वाळूने भरतात, जास्त झाला की बारीक सोनंही धुऊन जातं. मोठे गोटे आधी चाळून काढावे लागतात आणि पेटी पुन्हा पुन्हा उचलून धुवावी लागते. माणूस बाजूला उभाच हवा. स्वानेतीतल्या त्या पन्हळीही याचसाठी होत्या.

माणसाशिवाय चालणारे सापळे नदी स्वतःच लावते. माझी फजिती बघून वाळू धुणाऱ्या एका मावशीने मला ओढ्याच्या वळणावर नेलं. धारेला आडव्या गेलेल्या कातळाच्या बोटभर भेगेतून वाकड्या सळईने तिने मूठभर चिखल खरवडला, काठच्या झाडाच्या बारीक मुळ्या परातीत पिळल्या. तेवढ्यात सात कण निघाले. भेग, मुळी, मोठ्या धोंड्यामागची शांत जागा, वळणाची आतली बाजू, इथे पुराचं पाणी मंदावतं आणि जड ते टाकून जातं. शेवाळही असंच. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर भूशास्त्रज्ञांनी ओढ्यातल्या दगडांवरचं शेवाळ खरवडून, वाळवून, चाळून डोंगरातल्या सोन्याचा माग काढला. ही दाट चटई पुरातला बारीक गाळ धरून ठेवते आणि पूर ओसरला तरी जागेवर असते.

झुडपांचं एक सांगायलाच हवं. रोमन काळात स्पेनच्या खाणींत पाटाच्या तळाशी काटेरी झुडपं अंथरत, नंतर ती वाळवून जाळत आणि राख धूत. हे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडील आठवले. ते सराफकट्ट्यावर कारागीर होते. दुकानातलं गोणपाटाचं पायपुसणं त्यांनी कधी फेकलं नाही. वर्षाकाठी ते जाळायचं, राख जपून ठेवायची आणि केराबरोबर झारेकऱ्याला द्यायची. तो ती धुऊन सोनं काढी. गिऱ्हाइकांच्या आणि कारागिरांच्या पायांनी वर्षभर तिथे आणून पुसलेलं सोनं!

तुम्हाला तमाडकडे करून पाहायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर एखाद्या भेगेतला मूठभर गाळ धुऊन पाहा, कुतूहल भागेल. परातीत साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पातळ पत्र्या पाण्यावर तरंगून निसटणार नाहीत. पेट्या आणि घोंगडी मात्र तिथे मांडू नका. त्या वाळूवर त्या बायकांच्या घरची चूल पेटते. शिवाय परवान्याशिवाय खनिज काढणं कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न: निघोजच्या कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांत जड वस्तू तळाशी जमत असतील ना? मग सोनं का नाही?
— एक विद्यार्थिनी, शिरूर

उत्तर: निघोजलाही काळाच कातळ, म्हणून नाही. पण जिथे सोनं आहे तिथेही गुळगुळीत, खोल रांजण फसवे असतात. पुरात त्यांत गोटे गरगर फिरतात, आतला माल घुसळून बाहेर पडतो. त्याच कातळावरची अरुंद, खडबडीत भेग जास्त भरवशाची.

प्रश्न: बारीक सोनं वाळूतून वेगळं करायला पारा वापरतात म्हणे. आजोबांच्या पेटीत एक बाटली आहे. वापरू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही. पारा सोन्याला धरतो हे खरं, पण सोडवायला तो तापवावा लागतो आणि वाफ श्वासात जाते. माझे वडील मुलाम्यासाठी पारा तापवत. पन्नाशीत त्यांच्या हातांना कंप सुटला, डॉक्टरांनी कारण पारा सांगितलं. त्यांनी ते काम सोडलं, कंप गेला नाही. शेवटची काही वर्षं त्यांना चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहा, ती दुसऱ्या डब्यात ठेवा आणि घातक कचरा म्हणून पालिकेकडे द्या. मोरीत ओतू नका.